एमबीबीएसची अ‍ॅनाटॉमी आणि बीएस्सीचं झुऑलॉजी : अभ्यासात नेमका फरक काय?

मास्तर_दारव्हा
नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका कॉलेजात बीएस्सीला झुऑलॉजी शिकवतो. माझी भाची यंदा एमबीबीएसला लागली, सरकारी कॉलेजात. आमच्या दोन्ही घरांत मिळून पहिलीच डॉक्टर होणार. बारावीनंतर नीटमध्ये थोडक्यात हुकलं म्हणून तिनं माझ्याच वर्गात बीएस्सीला नाव टाकलं होतं. एकीकडे नीटची तयारी, एकीकडे कॉलेज. झुऑलॉजीत वर्गात पुढेच होती.

आता तिचे सिनियर तिला सांगताहेत, 'बीएस्सीचं सगळं विसरून जा, इथली अ‍ॅनाटॉमी वेगळीच असते.' पोरगी घाबरली आहे. मला हे पटत नाही. माशाचं दोन कप्प्यांचं हृदय, बेडकाचं तीन, पक्ष्यांचं आणि आपलं चार, हे ज्यानं समजून घेतलं त्याला माणसाचं हृदय परकं का वाटावं? पृष्ठवंशीय प्राण्यांची तुलनात्मक शरीररचना आम्ही मन लावून शिकवतो. ती वाया जाते असं म्हणणं मला लागतं, खरं सांगतो.

इथे डॉक्टर, नर्स, वैद्य, फिजिओ बरेच आहेत. दोन्हीकडच्या अभ्यासात नेमका फरक काय? हे ज्ञान पुढे गावात कुठे लागतं? आणि तिनं आतापासून काय करावं?

कापूसकोंड्या
मामा, भाचीपेक्षा तुमालेच जास्त टेन्शन आलेलं दिसून राह्यलं. पोट्टी करते बरोबर, पेढे कधी देता ते सांगा.

डॉ_पळस
सर, आधी भाचीचं अभिनंदन. मी यवतमाळला शिकले, आता गडचिरोली जिल्ह्यात पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे.

अ‍ॅनाटॉमीतली एकेक गोष्ट सुटी काढून दाखवली तर दहावीच्या पोरालाही समजेल. हा स्नायू इथून निघतो, तिथे लागतो, ही नर्व्ह, म्हणजे मज्जातंतू, त्याला पुरवते, तो हे काम करतो. यात न समजण्यासारखं काही नाही. पण अशा गोष्टी हजारोंनी आहेत, आणि एकीला हात लावला की चार दुसऱ्या हलतात.

उदाहरण देते. बहुतेक ठिकाणी सुरुवात हातापासून होते, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांतच काखेतला ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताच्या नर्व्हचं जाळं येतं. मानेतून पाच मुळं, सी-५ ते टी-१. त्यांचे तीन ट्रंक, प्रत्येक ट्रंकचे दोन फाटे, त्यांच्या तीन कॉर्ड आणि मग फांद्या. याची आकृती पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. बीएस्सीच्या पेपरात आकृती काढून नावं दिली की काम झालं. इथे मात्र सर टेबलाशी उभे राहून चिमट्याने एक नर्व्ह उचलतात आणि विचारतात, 'ही कोणती? कशावरून?' पुस्तकात आर्टरी लाल, व्हेन निळी, नर्व्ह पिवळी असते. टेबलावर सगळंच मळकट तपकिरी. कॉर्डची नावं अ‍ॅक्सिलरी आर्टरीच्या कोणत्या बाजूला ती आहे त्यावरून ठरलेली, म्हणजे आधी आर्टरी सापडली पाहिजे. आर्टरी सापडायला पेक्टोरॅलिस मायनर हा छातीचा स्नायू सापडला पाहिजे. तो सापडला तर बाकीचं सांगता येतं.

परीक्षाही तशीच. स्पॉटरला टेबलं मांडलेली असतात, प्रत्येकावर काहीतरी ठेवलेलं, त्याला टाचणी आणि चिठ्ठी. बेल वाजली की पुढे सरकायचं. तिथे 'थोडक्यात उत्तरे लिहा' नसतं. ओळखलं तर ओळखलं.

म्हणून सिनियर म्हणतात तितकं सगळं विसरायची गरज नाही. पण अभ्यासाची पद्धत बदलावी लागते. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात 'अपेक्षित' वाचून निघण्याची सवय असेल तर ती गेटच्या बाहेर ठेवायची.

अचलपूरकर
मी सिव्हिल इंजिनिअर. डॉक्टरांबद्दल आदर आहे, पण तुमच्या वर्णनावरून मला तरी हे पाठांतरच वाटतं. आमच्याकडे एक सूत्र समजलं की त्यावर पन्नास गणितं सुटतात. इथे प्रत्येक गोष्ट वेगळी पाठ करायची. एवढा हुशार पोरगा घ्यायचा आणि त्याला नावं पाठ करायला लावायची, हे बरोबर आहे का?

शेवंता
अचलपूरकर भाऊ, मी आधी एएनएम, मग जीएनएम हे नर्सिंगचे कोर्स केले. आमाले पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी आणि फिजिओलॉजी मिळून एकच पेपर असते, डॉक्टरलोकांच्या मानानं लहान. पण त्यातली एक गोष्ट सांगतो.

कमरेवर इंजेक्शन द्यायचं असलं तर त्या भागाचे मनातल्या मनात चार भाग करा लागते, आणि वरच्या बाहेरच्या भागातच सुई टोचा लागते. खालच्या आतल्या बाजूनं सायटिक नर्व्ह जाते. आमच्या गावात एका पोराले ताप आला होता. गावात फिरणाऱ्या, काही न शिकलेल्या माणसानं त्याले चुकीच्या जागी इंजेक्शन देलं. पोराचं पाऊल लटकं पडलं. चालताना पाय घासत जायचा, चप्पल निघून पडायची. त्या माणसाले औषध मालूम होतं, डोस मालूम होता. खाली काय आहे थे मालूम नव्हतं.

लहान लेकरायले लस मांडीच्या समोर, बाहेरच्या बाजूनं देतात, थे याच्याचसाठी. याले पाठांतर म्हणा का अजून काई म्हणा.

डॉ_पळस
शेवंताताईंनी माझं काम केलं. त्यातही बघा, सायटिकला सुई लागली की पाऊल वर उचलणारा भाग जास्त मार खातो, कारण त्या नर्व्हमधला पेरोनिअलचा हिस्सा बाहेरच्या बाजूला असतो. म्हणून पाऊल लटकतं. हे पाठ करावं लागत नाही. नर्व्ह कशी जाते ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की आपोआप समजतं.

सावली
मी फिजिओथेरपिस्ट, चंद्रपूरकडची. आम्हालाही पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी असते. पोटातल्या अवयवांचं कमी, पण स्नायू, सांधे आणि नर्व्ह यांच्या बाबतीत आम्ही एमबीबीएसच्या पोरांना ऐकत नाही!

पाठांतराचा मुद्दा निघालाय म्हणून लिहिते. आपल्याकडे वरोऱ्याला आनंदवन आहे, वर्ध्याजवळ दत्तपूर आहे. कुष्ठरोगानं वाकडी झालेली बोटं आपल्यापैकी अनेकांनी लहानपणापासून पाहिलीत. बोटं वाकडी का होतात? या रोगाचे जंतू अंगाच्या थंड भागातल्या, कातडीजवळच्या नर्व्हमध्ये बसतात. कोपराच्या आतल्या बाजूला हाड लागतं ना, ज्याला ठेच लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, त्याच्या मागून अल्नर नर्व्ह जाते. ती सुजते, बोटांनी चाचपता येते. ती निकामी झाली की पंज्यातले बारीक स्नायू जातात. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळतं.

आता पुढचं ऐका. सर्जन मधल्या बोटाचा एक टेंडन, म्हणजे स्नायूची हाडाला लागणारी दोरी, काढतात, त्याच्या चार पट्ट्या करतात आणि एकेक पट्टी चारही बोटांना जोडतात. मधल्या बोटाचं अडत नाही, कारण त्याला वाकवणारा दुसरा, खोलवरचा टेंडन शिल्लक असतो. नंतर पेशंट आमच्याकडे येतो. त्याला आम्ही शिकवतो की पूर्वी मधलं बोट वाकवायला जो जोर लावायचास तो आता सगळ्या बोटांसाठी लाव. काही आठवड्यांनी बाई स्वतःच्या हातानं भाकर मोडून खाते. अचलपूरकर, एक सूत्र आणि पन्नास गणितं म्हणालात ना? कोणता स्नायू कुठून निघून कुठे लागतो, हेच आमचं सूत्र. गणितं माणसाच्या हातात सुटतात.

अचलपूरकर
सावलीताई, हे माहीत नव्हतं. टेंडनच्या पट्ट्या करून जोडणं म्हणजे भार दुसरीकडे वळवणं झालं, हे तर थेट आमच्या विषयातलं आहे. पाठांतराचा शब्द मागे घेतो. मास्तरसाहेबांना मात्र एक विचारायचं आहे. बीएस्सीला बेडूक कापतात ना? मग हात तर बसलेला असतो.

मास्तर_दारव्हा
कापत होतो. मी शिकलो तेव्हा बेडूक, झुरळ, शार्क सगळं होतं. शार्कच्या डोक्यातल्या क्रेनियल नर्व्ह मोकळ्या करताना अख्खी दुपार जायची. मग युजीसीनं २०११ पासून टप्प्याटप्प्यानं हे कमी करायला सांगितलं आणि पुढे बंदच केलं. प्राण्यांच्या दृष्टीनं योग्यच आहे, तक्रार नाही. बेडूक शेतातून कमी झाले होते, ते आम्हीही पाहत होतो. पण त्याचा अर्थ असा की माझ्या भाचीनं झुऑलॉजीत उत्तम मार्क घेतले आणि तिच्या हातात स्काल्पेल कधी आलाच नाही. तिनं तक्ते, मॉडेल आणि संगणकावरचं डिसेक्शन पाहिलंय. हा फरक मोठा आहे, हे मान्य.

जुना_मेडिकल
मी नागपूरच्या मेडिकलचा, ऐंशीच्या दशकातला. १९४७ मध्ये सुरू झालेलं कॉलेज, भव्य डिसेक्शन हॉल. आमचं पहिलं वर्ष म्हणजे दीड वर्ष असायचं. १९९७ नंतर ते एका वर्षावर आणलं. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीचा एक महिना फाउंडेशन कोर्सला गेला. म्हणजे आम्ही जे शरीर दीड वर्ष सावकाश उलगडलं ते आताच्या मुलांना जेमतेम वर्षात करायचं असतं, सोबत फिजिओलॉजी आणि बायोकेमिस्ट्री आहेतच.

तरीही अ‍ॅनाटॉमीला सहाशेहून जास्त तास आहेत. बीएस्सीच्या मास्तरांनी आपल्या एका पेपराचे तास मोजून पाहावेत, म्हणजे फरक कळेल. आणि या तासांतले बरेचसे बाकावर बसून नाही, उभ्यानं.

एक काळजी वाटते. कॉलेजं वाढली, देह तेवढे वाढले नाहीत. आमच्या वेळी एका टेबलावर मोजकी मुलं असायची, प्रत्येकाच्या हातात चिमटा यायचा. आता मागच्या रांगेतला मुलगा पुढच्याच्या खांद्यावरून बघतो आणि रात्री व्हिडिओ पाहतो. शिवाराचा नकाशा कितीही पाहा, बांधावरून चालल्याशिवाय कोणाची विहीर कुठे ते कळत नाही. भाचीला एवढंच सांगा की पहिल्या रांगेत उभी राहा. लाजू नको. चिमटा मागून घे.

पूर्णाकाठ
मी सध्या अकोल्याला फर्स्ट इयरला आहे, दर्यापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. ताईला उपयोग होईल म्हणून आमचा दिवस सांगते.

सकाळी लेक्चर, मग डीएच, म्हणजे डिसेक्शन हॉल. आधी डेमो होतो, मग आम्ही टेबलावर काम करतो. सुरुवातीला कातडी सोलायलाच किती वेळ लागतो! खाली चरबी असते, तिच्यात बारीक नर्व्ह असतात, ब्लेड जरा खोल गेलं की गेलं. मॅडम म्हणतात, ब्लेड कमी वापरा, चिमट्यानं आणि बोटांनी पदर सोडवा. आता जमायला लागलंय. आठवड्यातून काही तास हिस्टॉलॉजी. मायक्रोस्कोपमधून स्लाइड पाहायची आणि जर्नलमध्ये काढायची, न्यूक्लियस जांभळ्या पेन्सिलनं, बाकी गुलाबी. आमच्या होस्टेलमध्ये गुलाबी पेन्सिल सगळ्यात आधी संपते.

एक भाग संपला की पार्ट कम्प्लिशन, म्हणजे त्या भागाची परीक्षा होते. हाताची झाली, पायाची झाली, आता छाती. त्यात व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा असते. हाड हातात देतात आणि पहिला प्रश्न, उजवं की डावं?

बीएस्सीतल्या माझ्या मैत्रिणीशी बोलते तेव्हा जाणवतं की तिचा अभ्यास परीक्षेच्या जवळ वाढतो, माझा रोज तेवढाच असतो. आज जे टेबलावर पाहिलं ते आज रात्रीच वाचलं नाही तर उद्याच्या टेबलावर काहीच दिसत नाही. पास व्हायला पन्नास टक्के लागतात, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीकडे बघतात. इथे एटीकेटी नाही. सप्लीमेंटरी असते, आणि फर्स्ट इयर पास व्हायला जास्तीत जास्त चार संधी. ताईला घाबरवायला नाही सांगत, माहीत असावं म्हणून.

इंग्रजीची भीती मलाही होती. अ‍ॅनाटॉमीची नावं मात्र इंग्लिश मीडियमच्या मुलांनाही तितकीच नवीन असतात. पहिल्या महिन्यात सगळे एकाच ओळीत उभे असतात, हे मला फार बरं वाटलं.

कापूसकोंड्या
पूर्णाकाठ, जेवण कसं जाते वो त्या वासात? माह्या मित्राची पोरगी म्हणे पहिले आठ दिवस मेसमध्ये फक्त दहीभातच खाऊन राह्यली.

पूर्णाकाठ
काका, फॉर्मॅलिनचा वास डोळ्यांत जास्त जातो, पाणी येतं. जेवणाचं म्हणाल तर दुसऱ्या आठवड्यात आम्ही सगळ्या सकाळी तर्री पोहे खाऊन डीएचला जायला लागलो.

निंबोळी
इथे सगळे एमबीबीएसबद्दलच बोलताहेत. मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टर, अमरावती जिल्ह्यात प्रॅक्टिस. आम्हाला पहिल्या वर्षी रचना शारीर, म्हणजे शरीररचना असते आणि आम्हीही डिसेक्शन करतो. हाडं, स्नायू, नर्व्ह सगळं आहे, वर मर्म, स्रोतस, सिरा यांचा अभ्यास. सुश्रुतांनी देह गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात पिंजऱ्यात ठेवायला सांगितलं, सात रात्रींनंतर काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचीनं हळूहळू घासत एकेक थर पाहायला सांगितलं. म्हणजे शल्य शिकणाऱ्यानं आधी देह डोळ्यांनी पाहावा, हा आग्रह आपल्याकडे फार जुना आहे.

डॉ. पळस, 'एमबीबीएसचीच अ‍ॅनाटॉमी' असं काही नसतं. देह एकच आहे.

डॉ_पळस
देह एकच, हे शंभर टक्के मान्य. शीर्षक सरांचं आहे, माझं नाही! सात दिवसांच्या पाण्याचं मात्र वर्गात कोणी इतक्या तपशिलात सांगितलं नव्हतं.

जुना_मेडिकल
निंबोळी, सुश्रुतांनी हाडं तीनशे सांगितली आहेत, आपण २०६ मोजतो. मोजणीची पद्धत वेगळी, त्यात दात आणि कूर्चाही येतात. हा फरक मुलांना समजावून सांगितला पाहिजे. नाहीतर ती दोन्हीपैकी एक खोटं ठरवून मोकळी होतात.

संत्राबाग
उशिरा आले. मी काटोलची. मास्तरसाहेब, मी तुमच्या बाजूची, कारण मी बीएस्सी पूर्ण करून मग एमबीबीएस केलं. बीएस्सी वाया जात नाही.

एम्ब्रियॉलॉजी, म्हणजे गर्भ कसा घडतो तो भाग, आली तेव्हा वर्गातली निम्मी मुलं हवालदिल झाली होती. बीएस्सीला कोंबडीच्या पिल्लाच्या २४, ४८, ७२ तासांच्या स्लाइड आम्ही इतक्यांदा पाहिल्या होत्या की सोमाइट, न्यूरल ट्यूब हे शब्द ओळखीचे होते.

आणि सगळ्यात मोठा फायदा गळ्यात झाला. आवाजाची नर्व्ह, रिकरंट लॅरिंजिअल. मेंदूकडून निघते, गळ्यातल्या स्वरयंत्राजवळून खाली जाते, डावीकडे थेट छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घालते आणि परत वर येऊन स्वरयंत्राला मिळते. उजवीकडे ती वरच्यावर, सबक्लेव्हियन आर्टरीखालून वळते. वर्गात सगळ्यांनी हे पाठ केलं. मला पाठ करावं लागलं नाही. माशाच्या कल्ल्यांच्या कमानी तुमच्यासारख्याच एका सरांनी फळ्यावर रंगीत खडूंनी काढून शिकवल्या होत्या. सहाव्या कमानीखालून ती नर्व्ह जाते. माशाला मान नाही, हृदय डोक्याजवळ, रस्ता सरळ. आपल्या गर्भात मान लांबते, हृदय खाली सरकतं, कमानी बदलतात, उजवीकडच्या काही नाहीशा होतात. नर्व्ह बिचारी कमानीत अडकलेली, तिच्याबरोबर खाली ओढली जाते. पुढे छातीत गाठ झालेल्या पेशंटचा आवाज बसलेला पाहिला तेव्हा मला काटोलचा तो फळाच आठवला.

म्हणून भाचीला सांगा, 'असं का?' हा प्रश्न विचारायची बीएस्सीची सवय सोडू नकोस. 'कुठे?' हा प्रश्न मात्र नव्यानं शिकावा लागेल. आम्ही बीएस्सीत 'कुठे'कडे फार दुर्लक्ष करतो. यकृत उजवीकडे, संपलं. इथे यकृताच्या मागे काय, खाली काय, कोणता अवयव त्यावर खळगा पाडतो, हे विचारतात.

मास्तर_दारव्हा
संत्राबाग ताई, तुमचा प्रतिसाद भाचीला वाचून दाखवला. आणि उद्या वर्गातही वाचणार आहे. आमच्या मुलांना वाटतं की बीएस्सी म्हणजे नीट हुकलेल्यांची जागा. त्यांना हे ऐकायची गरज आहे.

वर्धेकर
धागा दोन दिवस वाचतोय. मी डॉक्टर नाही, शेती करतो. लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितो.

माझ्या वडिलांनी सेवाग्रामला देहदान केलं. ते विनोबांच्या भूदानाच्या काळातले. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ मध्ये सुरू झालं तेव्हापासूनची मुलं त्यांनी पाहिली. खादी घालणारी, पहिल्याच वर्षी गावात शिबिराला येऊन राहणारी, लोकांच्या घरी जाऊन विचारपूस करणारी. ते म्हणायचे, ही पोरं आपल्या दारात येऊन शिकतात, तर अजून थोडं शिकू दे.

आईला आधी मान्य नव्हतं. दहावा-तेरावा कशाचा करायचा, राख कुठली, असं तिचं म्हणणं. भावकीतही बोलणं झालं. बाबांनी तिला घेऊन स्वतः अ‍ॅनाटॉमी विभागात नेलं, तिथल्या मॅडमशी बोलायला लावलं. मॅडमनी तिला सांगितलं की मुलं पहिल्या दिवशी हात जोडून शपथ घेतात, मगच हात लावतात. आई त्या दिवशी काही बोलली नाही, पण फॉर्मवर सही केली.

तुम्ही सगळे 'टेबल' म्हणता. तुमचा शब्द आहे, राग नाही. पण मास्तर, तुम्ही फरक विचारलात म्हणून सांगतो. बीएस्सीत पोर पुस्तकाकडून शिकते. इथे एका माणसाकडून शिकते, आणि तो माणूस कोणाचा तरी बाप असतो. भाचीला हे सांगा.

डॉ_पळस
दादा, तुमच्या वडिलांना नमस्कार. सरावानं टेबलावरच्या देहाकडे बघायची नजर बोथट होते, हे आम्ही सगळ्यांनी अनुभवलंय. तुमचा प्रतिसाद पहिल्या वर्षाच्या वर्गात वाचायला हवा.

शेवंता
वर्धेकर भाऊ, वाचून डोळे भरून आले. माह्या सासऱ्यायचंही मन आहे. काय करा लागते, कोणी सांगन का? आमचं गाव मेडिकल कॉलेजपासून लय दूर आहे.

जुना_मेडिकल
शेवंताताई, हे नीट लिहितो, अनेकांना उपयोगी पडेल.

आपल्या राज्यात यासाठी १९४९ चा शरीररचनाशास्त्र कायदा आहे. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमी विभागात फॉर्म मिळतो, तो जिवंतपणी भरून ठेवायचा, साक्षीदार म्हणून घरच्यांच्या सह्या घ्यायच्या. पण फॉर्मपेक्षा घरच्यांचं मन महत्त्वाचं. फॉर्म भरलेला असला तरी मृत्यूनंतर घरचे 'नाही' म्हणाले तर कॉलेज आग्रह धरत नाही. आणि फॉर्म भरलेला नसला तरी वारसांना दान करता येतं.

मृत्यूनंतर डॉक्टरांचं मृत्यूचं प्रमाणपत्र लागतं. पोस्टमॉर्टेम झालेला देह, अपघात किंवा पोलीस केसचा देह, एचआयव्ही किंवा हिपॅटायटिससारखा संसर्ग असलेला देह सहसा घेत नाहीत. नेत्रदान आधी करता येतं, त्यानं देहदानाला अडथळा येत नाही. डोळे मात्र सहा तासांच्या आत.

अंतराचा प्रश्न खरा आहे. आपल्याकडच्या मे महिन्यात देह फार वेळ ठेवता येत नाही. विभागाचा फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा, गाडी कोण पाठवतं ते आधीच विचारून ठेवा. कुठे कॉलेज पाठवतं, कुठे घरच्यांना आणावं लागतं. आता चंद्रपूर, गोंदिया, अकोला, यवतमाळ, अमरावती, वर्धा, नागपूर इतक्या ठिकाणी मेडिकल कॉलेजं आहेत. पूर्वीसारखं सगळ्यांना नागपूर गाठावं लागत नाही.

शेवंता
लय उपकार झाले सर. सासऱ्यायले वाचून दाखवतो.

मास्तर_दारव्हा
वर्धेकर दादा, भाचीला तुमचं वाचायला दिलं. तिनं काही विचारलं नाही, फोन घेऊन आईकडे गेली.

आता मूळ प्रश्नाचा राहिलेला भाग. कॉलेज सुरू व्हायला थोडे दिवस आहेत. तिनं आधीच वाचायला घ्यावं का? तिला सिनियरकडून बोन सेट मिळालाय, नुसता बघत बसते.

संत्राबाग
मी म्हणेन हाडं सुरू करू दे. वाचून नाही, हातात घेऊन. प्रत्येक उंचवट्याला काहीतरी लागलेलं असतं, त्यावर बोट फिरवायचं.

डॉ_पळस
माझं मत उलट. आता काही वाचू नको. झोप, घरी राहा, आईच्या हातचं खा. फाउंडेशन कोर्स त्यासाठीच आहे. आधी घोकून आलेली मुलं नोव्हेंबरपर्यंत दमलेली असतात. फार तर रोज एक आकृती काढ. हात वळता ठेव.

सावली
मी मधली वाट सांगते. स्वतःच्या अंगावर शिक. मनगट वाकवून कोणता टेंडन वर आला ते बघ, कॉलरबोनवरून बोट फिरव, मामांचा गुडघा चाचप. त्याला पुस्तक लागत नाही.

कापूसकोंड्या
मास्तर, गुडघा धुऊन ठेवा.

डॉ_पळस
आणखी एक, सर, तुम्ही विचारलं होतं की हे ज्ञान गावात कुठे लागतं. माझ्याकडे गेल्या महिन्यात एक तरुण मुलगा आला, कमरेत दुखतं, लंगडतो. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा पेशंट. आपल्या भागात सिकलसेल किती आहे तुम्ही जाणताच. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पुरवणाऱ्या आर्टरी बारीक असतात आणि हाडाच्या मानेला चिकटून जातात. विळ्यासारख्या पेशींनी तिथला रक्तपुरवठा तुंबला की डोकं आतून मरायला लागतं. एक्स-रेत सुरुवातीला काही दिसत नाही. फर्स्ट इयरला त्या आर्टरी मी स्वतः मोकळ्या केल्या होत्या, म्हणून 'वात आहे, गोळी घे' असं न म्हणता त्याला एमआरआयसाठी वर पाठवलं. वेळेत गेला.

मास्तर_दारव्हा
डॉक्टर, हे वाचून तिच्या चेहऱ्यावरची भीती जरा उतरली. सावलीताईंचा सल्ला तिला आवडला, माझ्या गुडघ्यावर पटेला, म्हणजे गुडघ्याची वाटी, सापडला आहे.

एक शंका तिच्याकडून. बोन सेटमधला फिब्युला, म्हणजे पोटरीतलं बारीक हाड, उजवा की डावा, हे आम्हा दोघांना काल रात्रीपासून सांगता येत नाही. फोटो टाकत नाही. तिला सिनियरनं बजावलंय की हाडं कोणाची तरी आहेत, फोटो काढायचे नाहीत.

पूर्णाकाठ
फोटो टाकला नाहीत ते बरं केलं सर. फिब्युलाला सगळेच अडकतात. दोन टोकं बघा. गोलसर जाड ते वरचं. खालचं चपटं, टोकदार, आपल्या घोट्याला बाहेरून लागतं ते. आता खालच्या टोकाच्या एका बाजूला त्रिकोणी गुळगुळीत जागा दिसेल, सांधा तिथे असतो. तिच्या अगदी शेजारी एक खळगा आहे. हाड उभं धरा, चपटं टोक खाली, खळगा मागच्या बाजूला. गुळगुळीत जागा ज्या दिशेला बघते ती पायाची आतली बाजू. डावीकडे बघत असेल तर हाड उजव्या पायाचं, उजवीकडे बघत असेल तर डाव्या.

मास्तर_दारव्हा
डावा निघाला. तिनंच सांगितला, मी नुसता धरून उभा होतो.